फोन एक, कंपन्या तीन, शिवाय लँडलाइन

भारतात फोन करायला आता पैसे पडत नाहीत, असं अमेरिकेतल्या मराठी घरांतून सर्रास ऐकू येतं. व्हॉट्सअ‍ॅपपुरतं ते खरंही आहे. पण साताऱ्याच्या दवाखान्यातलं रिसेप्शन, नाशिकच्या सोसायटीचं ऑफिस, पेन्शनचं खातं असलेली बँकेची शाखा आणि स्मार्टफोनला हात न लावणारी ऐंशी पार केलेली आत्या, यांच्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप पोचत नाही. तिथे साधा नंबरच लावावा लागतो. इकडच्या घरातही सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना काचेवर बोटं सरकवण्यापेक्षा मोठ्या बटणांचा, शेजारच्या खोलीत ऐकू येईल असा वाजणारा फोन बरा वाटतो. शिवाय तळघरात किंवा गावाबाहेरच्या वस्तीत मोबाइलला रेंज नसणं हे अमेरिकेतही नवलाचं नाही.

म्हणून घरचा फोन बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. अडचण आहे ती बिलाची. टेलिफोन कंपनीच्या लँडलाइनवरून थेट परदेशी नंबर लावला तर दर झोंबतात. एकेकाळी इंडियन ग्रोसरीच्या गल्ल्याजवळ टांगलेली फोन कार्डं हा त्यावरचा उपाय होता. मग इंटरनेटवरून फोन देणाऱ्या कंपन्या आल्या. व्होनेजने ऑगस्ट २००९ मध्ये भारतासह साठ देशांना अमर्याद कॉलची योजना काढली आणि अनेक घरांनी ती लगेच घेतली. सोय उत्तम होती. पण अशा योजनेत यंत्र त्यांचं, नंबर त्यांच्याकडे, दर त्यांचा. तुमच्या हातात फक्त रिसीव्हर. आणि कंपनी गेली की सगळंच जातं. सनरॉकेट ही अशीच एक कंपनी जुलै २००७ मध्ये जवळजवळ रातोरात बंद पडली, तेव्हा तिचे दोन लाखांच्या आसपास ग्राहक अचानक अधांतरी राहिले. त्यातल्या कित्येकांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले होते.

यावरची वाट जुनी आहे, पण अजून पुष्कळांना माहीत नाही. कुठल्याही कंपनीला न बांधलेला, घरचा फोन इंटरनेटला जोडणारा एक अ‍ॅडाप्टर घ्यायचा, त्यात दोन-तीन इंटरनेट फोन कंपन्यांची खाती भरायची, भिंतीतली लँडलाइनही त्यालाच जोडायची आणि कुठला कॉल कुठल्या वाटेने जाईल ते स्वतः ठरवायचं. घरातला फोन तोच, वापरणाऱ्याला काही नवीन शिकायचं नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, तर पुढचं सगळं सोपं जातं. लोक तुम्हाला ज्या नंबरवर फोन करतात तो नंबर आणि तुमचे बाहेर जाणारे कॉल वाहून नेणारी कंपनी, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध असायची गरज नाही. घराचा पत्ता एकच असतो, पण पार्सल पाठवताना आपण आज हे कुरिअर, उद्या ते कुरिअर वापरतोच ना, तसंच हे. नंबर एका भरवशाच्या कंपनीकडे ठेवायचा. तिचे भारताचे दर जास्त असले तरी बिघडत नाही, कारण भारताचे कॉल तिच्याकडून करायचेच नाहीत. ते दुसरीकडून करायचे, आणि ती दुसरी कंपनी पुढच्या वर्षी बदलली तरी तुमचा नंबर जागचा हलत नाही. तांत्रिक भाषेत सांगायचं तर येणाऱ्या कॉलसाठी अ‍ॅडाप्टरला कंपनीकडे सतत नोंदणी करून ‘मी इथे आहे’ असं कळवत राहावं लागतं. बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी पुष्कळ कंपन्यांना नुसतं खात्याचं नाव आणि पासवर्ड पुरतो. काही कंपन्या मात्र नोंदणीशिवाय कॉल घेत नाहीत. खातं उघडण्याआधी हा एक प्रश्न त्यांना विचाराच.

आता यंत्र. दोन प्रकारचे पोर्ट ओळखता आले पाहिजेत. एफएक्सएस म्हणजे घरातला फोन लावायचा पोर्ट; तो डायल टोन देतो आणि घंटी वाजवतो. एफएक्सओ म्हणजे भिंतीतून आलेली टेलिफोन कंपनीची लाइन लावायचा पोर्ट. तो डायल टोन घेतो. बाजारातल्या बहुतेक स्वस्त अ‍ॅडाप्टरना फक्त पहिला असतो, कधी कधी दोन असतात, पण दोन्ही फोनचेच. दोन पोर्ट दिसले म्हणून एकात लँडलाइन खुपसली, तर यंत्र जळायचीच भीती जास्त. खोक्यावर ‘लाइन’ असं वेगळं लिहिलेलं आहे का, ते पाहा.

या कामासाठी सगळ्यात नावाजलेलं यंत्र म्हणजे लिंक्सिस एसपीए ३१०२. सिपुरा या छोट्या कंपनीच्या एसपीए ३००० चा हा पुढचा अवतार. सिपुरा २००५ मध्ये सिस्कोने लिंक्सिससाठी विकत घेतली होती. यात एक फोन, एक लाइन, येणाऱ्या कॉलसाठी मुख्य खातं आणि बाहेर जाण्यासाठी आणखी चार कंपन्यांचे तपशील भरायची सोय आहे. सिपुरामागच्या मंडळींनीच पुढे ओबिहाय काढली. तिचा ओबी ११० दिसायला काडेपेटीच्या जवळपास, पण एक फोन, एक लाइन, नोंदणी होणारी दोन खाती आणि शिवाय फक्त बाहेर जाण्यासाठीच्या वाटा, एवढं सगळं त्यात आहे. ओबिहाय २०१८ मध्ये पॉलिकॉमने घेतली. ही दोन्ही यंत्रं आज जुन्या बाजारातच मिळतात. नवीन घ्यायचं तर ग्रँडस्ट्रीमचा एचटी ८१३ आहे. त्यालाही एक फोन आणि एक लाइन, पण फोनच्या पोर्टला खातं एकच. ज्यांना एक इंटरनेट कंपनी आणि एक लँडलाइन एवढंच हवं, त्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. तीन कंपन्या हव्या असतील तर जुनं यंत्र शोधा, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर अ‍ॅस्टरिस्क हे सॉफ्टवेअर चढवून घरातच छोटं एक्स्चेंज उभारा. हे दुसरं हौशी माणसाचं काम आहे. करायला मजा येते, पण तुम्ही भारतात गेल्यावर ते बंद पडलं तर घरच्यांना सुरू करता येणार नाही, हे लक्षात ठेवा.

जुनं यंत्र घेताना ते अनलॉक आहे का हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. व्होनेजसारख्या कंपन्यांनी वाटलेली हजारो यंत्रं स्वस्तात विकायला येतात आणि ती त्याच कंपनीला कुलूपबंद असतात. यंत्र हातात आलं की पहिलं काम म्हणजे मागच्या मालकाचं सगळं पुसणं. एसपीएमध्ये फोन उचलून चार वेळा स्टार दाबला की आवाजी मेनू लागतो. तिथे ७३७३८ आणि हॅश, मग खात्रीसाठी १ दाबल्यावर यंत्र कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. त्याच मेनूत ११० आणि हॅश दाबलं की ते आपला आयपी पत्ता वाचून दाखवतं. हे यंत्र नेहमीच्या राउटरच्या मागे लावलं तर ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून उघडायचं सेटिंगचं पान सुरुवातीला उघडत नाही, आणि नवखे लोक इथेच हात टेकतात. उपाय साधा: पुन्हा चार स्टार, मग ७९३२ आणि हॅश, मग १ आणि हॅश. ग्रँडस्ट्रीममध्ये तीन स्टार आणि मग ०२ दाबलं की पत्ता ऐकू येतो. ओबीत तीन स्टार आणि १.

जोडणी पाच मिनिटांची. राउटरपासून इंटरनेटची तार, भिंतीतल्या जॅकपासून लाइनच्या पोर्टला तार, फोनच्या पोर्टला घरचा कॉर्डलेस. लँडलाइनवरूनच डीएसएल इंटरनेट येत असेल तर अ‍ॅडाप्टरच्या आधी फिल्टर लावा, नाहीतर कानात खरखर येईल. काही जण फोनचा पोर्ट भिंतीतल्या दुसऱ्या जॅकला जोडून घरभरच्या जॅकमध्ये डायल टोन खेळवतात. हे करता येतं, पण आधी घराबाहेरच्या पेटीत टेलिफोन कंपनीची तार आतल्या तारांपासून सोडवलेली हवी. ती जोडलेलीच राहिली तर बाहेरून येणारी वीज थेट अ‍ॅडाप्टरच्या अंगावर येते.

एसपीए ३१०२ वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण हा त्रास जवळजवळ प्रत्येकाला होतो. लँडलाइनवर कुणी फोन केला आणि तुम्ही सोळा सेकंदांत उचलला नाही, तर यंत्र स्वतःच फोन उचलतं आणि समोरच्याला घंटीऐवजी विचित्र टोन ऐकू येतो. बाहेरून लँडलाइनवर फोन करून घरच्या इंटरनेट खात्यावरून पुढे कॉल लावता यावा, यासाठी केलेली ती सोय आहे. ती बहुतेकांना नको असते आणि ती उघडी ठेवणं धोक्याचंही आहे. लाइनच्या पानावर लँडलाइनकडून इंटरनेटकडे जाणारा गेटवे ‘नाही’ करून टाका.

खरं काम आहे ते डायल प्लॅनमध्ये. सेटिंगच्या पानावर ही एक लांबलचक, पाहताच घाबरवणारी ओळ दिसते. पण तिच्यातली चिन्हं मोजकीच आहेत. रोमन एक्स म्हणजे कुठलाही एक अंक. त्यापुढचं टिंब म्हणजे ‘असे आणखी कितीही’. उभी दांडी म्हणजे ‘किंवा’. कोनी कंसात विसर्गासारख्या दोन टिंबांच्या डावीकडे जे असेल, त्याच्या जागी उजवीकडचं घातलं जातं. एस आणि शून्य म्हणजे ‘आता वाट पाहू नको, लाव’. आणि शेवटी अ‍ॅट चिन्हापुढे वाटेचं नाव: जीडब्ल्यू शून्य म्हणजे लँडलाइन, जीडब्ल्यू एक ते चार म्हणजे तुम्ही भरलेल्या कंपन्या, आणि काहीच लिहिलं नाही तर मुख्य खातं. एवढ्यावर सगळं चालतं.

ओळ लिहिण्याआधी कागद घ्या आणि घरातून कुठे कुठे फोन जातात ते मराठीत लिहा. साधारण अमेरिकेतल्या घराची यादी अशी निघेल. आणीबाणीचा ९११ लँडलाइनवरून, लगेच. दहा अंक लावले तर त्यांच्या आधी १ जोडून मुख्य कंपनीकडे. १ आणि दहा अंक लावले तर तसेच मुख्य कंपनीकडे. ०११ ९१ आणि पुढे दहा अंक आले तर भारतासाठी निवडलेल्या दुसऱ्या कंपनीकडे, दहावा अंक दाबताक्षणी. ०११ आणि इतर कुठलाही देश असेल तर तिसऱ्या कंपनीकडे. आणि एक राखीव किल्ली, समजा हॅश आणि ८: ती आधी दाबली की पुढचा कुठलाही नंबर लँडलाइनवरूनच जाईल. ही शेवटची किल्ली ठेवाच. इंटरनेट सुरू आहे पण कंपनीचा सर्व्हर झोपला आहे, अशा दिवशी तिचीच गरज पडते. अशाच आणखी दोन किल्ल्या करून ठेवल्या, की भारताचा एखादा कॉल खराब लागला तर तोच नंबर दुसऱ्या वाटेने लावून पाहता येतो. ओबीमध्ये हे तयारच आहे: दोन स्टार आणि १ म्हणजे पहिलं खातं, दोन स्टार आणि २ म्हणजे दुसरं, दोन स्टार आणि ८ म्हणजे लँडलाइन.

भारताचा नियम इतका नेमका लिहिता येतो, कारण देशाच्या ९१ नंतर भारतीय नंबर दहाच अंकी असतो. मोबाइल दहा अंकी, आणि लँडलाइन घेतली तर पुण्याचा २० आणि पुढे आठ, नागपूरचा ७१२ आणि पुढे सात, कोल्हापूरचा २३१ आणि पुढे सात, बेरीज तीच. म्हणून अंक संपल्याचं यंत्राला कळतं आणि ते थांबत नाही. नियमात लांबी सांगितली नाही, तर ‘आणखी अंक येतील’ म्हणून यंत्र काही सेकंद गप्प बसतं आणि आईला वाटतं, फोन लागलाच नाही. ती ठेवते आणि पुन्हा लावते. घरात ‘तुमच्या त्या डबीमुळे फोन लागत नाही’ ही तक्रार ऐकू आली, तर बहुधा कारण एवढंच असतं. पुण्याचा नंबर लावताना वहीत लिहिलेला ०२० तसाच लावायची सवयही ज्येष्ठांना असते. ९१ नंतरचं शून्य गाळून टाकणारा एक जादा नियम करून ठेवला, की त्यांना शिकवायची गरज उरत नाही.

जुन्या डायल प्लॅनची नक्कल करून घेत असाल तर सात अंकी नंबरचा नियम त्यातून काढून टाका. ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीचा मदत क्रमांक जुलै २०२२ मध्ये देशभर सुरू झाला. त्याच्या तयारीसाठी ज्या भागांत ९८८ ने सुरू होणारे स्थानिक नंबर होते, तिथे ऑक्टोबर २०२१ पासूनच दहा अंक लावणं सक्तीचं झालं. त्याऐवजी ९८८ चाच नियम यादीत घाला.

९११ वर थोडं जास्त थांबू. तांब्याची खरी लँडलाइन असेल तर ९११ तिच्यावरूनच जाऊ द्या. पत्ता आपोआप कळतो आणि वीज गेली तरी ती चालते. वर सांगितलेल्या तिन्ही यंत्रांत वीज गेल्यावर फोन आतल्या आत थेट लाइनला जोडला जातो. मात्र कॉर्डलेस फोनच्या बैठकीला स्वतःची वीज लागते, म्हणून तारेचा एक साधा फोन घरात कुठेतरी असू द्या. इंटरनेटवरून ९११ जाणार असेल तर कंपनीकडे पत्ता नोंदवलेला हवा. टेलिफोन जाळ्याशी जोडलेल्या इंटरनेट फोन कंपन्यांनी ही सेवा द्यावी, असा आदेश फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००५ मध्येच काढला आहे, पण फक्त बाहेर जाणारे कॉल विकणाऱ्या स्वस्त कंपन्यांकडे ती बऱ्याचदा नसते. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन कंपन्यांकडे ९११ नसेल, हे गृहीतच धरा. तपासणीसाठी खऱ्या ९११ ला फोन करू नका. बऱ्याच कंपन्यांकडे ९३३ लावलं की नोंदलेला पत्ता वाचून दाखवतात.

दिल्लीत नातेवाईक असतील तर आणखी एक सावधगिरी. दिल्लीचा कोड ११. कुणी ०११ विसरून थेट ९१ ११ असा नंबर लावायला घेतला, तर तिसऱ्या अंकालाच ९११ पूर्ण होतं आणि ‘लगेच लाव’ या नियमामुळे कॉल पोलिसांकडे जातो. झालंच तर घाबरून फोन ठेवू नका. चुकून लागला, असं शांतपणे सांगा. ठेवून दिलात तर ते उलट फोन करतात आणि कधी कधी दारातही येतात. आईबाबांसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्पीड डायल. भारतातले नेहमीचे नंबर एकेका अंकावर बसवून द्या आणि मोठ्या अक्षरांतली यादी फोनशेजारी चिकटवा.

येणाऱ्या कॉलचं सोपं ठेवा. दोन नंबर असतील, समजा एक अमेरिकेतला आणि मुलगी इंग्लंडमध्ये असते म्हणून एक लंडनचा, तर दोन्ही नोंदण्या यंत्रावर करण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा दुसरा नंबर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पहिल्याकडे वळवा. ओबी ११० मध्ये दोन्ही खाती थेट वाजतात, तिथे तेही लागत नाही.

पैशाबद्दल. दरपत्रकात फक्त मिनिटाचा दर पाहू नका. बिलाचा टप्पा सहा सेकंदांचा आहे की मिनिटाचा, फोन जोडण्याचा वेगळा आकार आहे का, आणि शिल्लक रक्कम काही महिन्यांनी बुडते का, हे तिन्ही पाहा. सुरुवातीला कमीत कमी रक्कम भरा, आठवडाभर वापरा, मग ठरवा. आपोआप रिचार्ज कधीही चालू ठेवू नका. इंटरनेट फोन खात्यांचे पासवर्ड फोडून रात्रीतून महागड्या देशांना कॉल लावणाऱ्या टोळ्या खऱ्या आहेत, आणि खात्यात दहाच डॉलर असतील तर नुकसानही दहाच डॉलर. कंपनी सोय देत असेल तर भारत, अमेरिका, कॅनडा आणि लागतील ते एक-दोन देश सोडून बाकीचे बंद करून ठेवा. यंत्राचं सेटिंगचं पान घराबाहेरून उघडता कामा नये. जुन्या यंत्रांना आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, त्यामुळे ती राउटरच्या मागेच राहिली पाहिजेत.

आणि सगळ्यात स्वस्त कंपनी घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. भारताचा कॉल अविश्वसनीय दराने विकणारे तो बऱ्याचदा चोरवाटेने उतरवतात. त्याची खूण अशी, की इकडून तुम्ही फोन करता आणि तिकडे आईच्या मोबाइलवर तुमच्या अमेरिकेतल्या नंबरऐवजी कुठला तरी अनोळखी भारतीय नंबर दिसतो. ती उचलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. परदेशातून येऊनही भारतीय नंबर दाखवणारे खोटे कॉल अडवण्याची यंत्रणा भारताच्या दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. त्यामुळे अशा वाटेचा कॉल आता अर्ध्यातच अडायचीही शक्यता आहे. मिनिटाला अर्धा सेंट वाचवून तिसऱ्या प्रयत्नात लागणारा फोन घ्यायचा की थोडे जास्त देऊन पहिल्याच घंटीला ‘अगं, तुझा नंबर दिसला’ हे ऐकायचं, हा हिशेब अवघड नाही.

आवाज खराब येत असेल तर पहिला संशय राउटरवर घ्या. ‘सिप एएलजी’ नावाची एक सोय बहुतेक राउटरमध्ये आपोआप चालू असते आणि ती मदतीपेक्षा गोंधळच जास्त करते. एकाच बाजूचा आवाज येणं, काही मिनिटांनी कॉल तुटणं हे तिचे प्रताप. ती बंद करा. आवाजाचं अंकांत रूपांतर करणारा कोडेक जी ७११ हाच ठेवा. वरखर्च धरून एका कॉलला सेकंदाला नव्वद किलोबिटच्या आत लागतात आणि आजच्या इंटरनेटला ते काहीच नाही. जी ७२९ एक तृतीयांशात भागवतो, पण आवाज दबका होतो. फक्त लँडलाइनच्या कॉलवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष लाइन पोर्टच्या इम्पीडन्समध्ये असतो. अमेरिकेत सहाशे ओहम चालतो, ब्रिटनचा वेगळा. तिथल्या वाचकांनी यंत्रात देशाप्रमाणे तो बदलून घ्यावा आणि तरी प्रतिध्वनी राहिला तर आवाजाची पातळी थोडी उतरवावी. अमेरिका-भारत अंतरामुळे आवाज जाऊन-येऊन दोनशे मिलीसेकंदांच्या आसपास उशीर होणारच. कंपनी सर्व्हरचं शहर निवडायला देत असेल, तर आपल्या जवळचं निवडा, म्हणजे त्यात आणखी भर पडणार नाही.

एक बेत मात्र मनात आला असेल तर तिथेच सोडून द्या. ‘असाच एक डबा पुण्याच्या घरी लँडलाइनला लावू, इकडून इंटरनेटवरून त्याला फोन करू आणि तिथून स्थानिक दरात कुणालाही लावू.’ तंत्र म्हणून हे सहज जमतं, म्हणूनच सांगतो. परवान्याशिवाय परदेशातला इंटरनेट कॉल भारतातल्या टेलिफोन जाळ्यात उतरवणं बेकायदा आहे. अनधिकृत टेलिफोन एक्स्चेंज म्हणून ज्यांवर छापे पडतात, त्यांचं मूळ तत्त्व हेच असतं. लाइन आईबाबांच्या नावावर असते आणि पोलीस त्यांच्या दारात येतील, तुमच्या नव्हे. अमेरिकेतल्या घरात अमेरिकेतली लँडलाइन जोडणं आणि भारतात हे करणं, यांत हा फरक आहे.

राहता राहिली लँडलाइन ठेवायची की नाही, ही गोष्ट. आधी तुमची लाइन खरोखर तांब्याची आहे का ते पाहा. केबल किंवा फायबर कंपनीच्या डब्यामागच्या पोर्टातून येणारी ‘लँडलाइन’ अ‍ॅडाप्टरला जोडता येते, पण वीज गेली की डब्याबरोबर तीही जाते. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. त्या पैशात राउटर आणि अ‍ॅडाप्टरसाठी छोटा यूपीएस येईल. खरी तांब्याची लाइनही फार दिवसांची सोबती नाही. ब्रिटनमधलं जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ मध्ये बंद व्हायचं ठरलं आहे, आणि अमेरिकेत एटी अँड टीने कॅलिफोर्निया वगळता आपल्या बहुतेक भागांतून २०२९ अखेरपर्यंत तांब्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं आहे. तोवर घरात हृदयरोगी किंवा एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर सगळ्यात स्वस्त योजनेत ती राहू द्या.

बंद करायची वेळ आली की क्रम चुकवू नका. आधी नव्या इंटरनेट कंपनीकडे नंबर हलवण्याचा अर्ज करा, जुन्या बिलावरचं नाव आणि पत्ता अक्षरशः जुळवा, आणि नंबर नव्या खात्यावर वाजेपर्यंत जुन्या कंपनीला ‘बंद करा’ म्हणू नका. नंबर गेला की जुनी सेवा सहसा आपोआप संपते. तरी पुढच्या महिन्याचं बिल एकदा तपासा. घाईघाईत आधीच जोडणी तोडून घेतली, तर वीस वर्षं नातेवाइकांच्या वहीत लिहिलेला तो नंबर परत मिळेलच याची हमी कुठलीही कंपनी देत नाही.